हेल्मेटखाली मावेल एवढी आई

४ जानेवारी

चि. ठकूस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खालच्या मजल्यावरच्या कारकूनबाईंनी दोनदा वाचून दाखवलं. एकदा त्यांच्या सवडीने, एकदा माझ्या हट्टाने. हे पत्रही त्याच लिहिताहेत. मी बोलते तसंच लिहा म्हटलं, तरी मधेच शुद्ध करतात. तेव्हा कुठे मी फार शहाणी वाटले, तर ती मी नव्हे. फोनचं नाव काढू नकोस. मला त्यात नुसती खरखर ऐकू येते, आणि तुझी लेक मुंगी तुझा आवाज आला की फोन उलटा करून तुला मागच्या बाजूला शोधते. मग दिवसभर रडते.

बाई गं, घरोघर औषधं पोचवायची नोकरी मिळाली, सायकल मिळाली, आणि गाडं अडलं कुठे, तर अंबाड्यावर! तुमचा तो मुकादम, ज्याला तुम्ही शिट्टी म्हणता, तो म्हणे रोज सकाळी प्रत्येकाचं हेल्मेट धरून हलवतो, आणि तुझं डुगडुगतं म्हणून तुझी फेरी दुसऱ्याला देतो. त्याचं काय चुकलं? अंबाड्यावर हेल्मेट म्हणजे भोपळ्यावर वाटी. पडलीस की वाटी एकीकडे, भोपळा दुसरीकडे.

तुला हसवायला लिहवते आहे. मला हसू येत नाही. फेब्रुवारीअखेर कोर्टाची तारीख. तोवर तुझी नोकरी कायम झाली नाही, तर मुंगी बापाकडे जाणार. तो कामावर जाताना लेकराला खोलीत ठेवून बाहेरून कडी घालायचा, हे आपण तिथे सांगून झालं. पोर सुरक्षित राहावी म्हणून घालतो, असं तो म्हणाला. कोर्टातल्या बाईंनी ते लिहून घेतलं आणि पान उलटलं.

पण केस कापण्याचा विचार मनातून काढ. मुंगी तुझ्या वेणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही, हे मी तुला सांगायला नको. निघताना तूच तिला कबूल केलंस, की हीच वेणी घेऊन परत येईन. मानेपाशी सैल वेणी घाल, म्हणजे वर झाकण नीट बसेल.

माया आहे तेवढी पाठवली आहे, पुरवून वापर.

तुझी,
आजी


१५ जानेवारी

ती. आजीस ठकूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. मानेपाशी वेणी घातली आणि हेल्मेट खरंच बसलं. शिट्टीने हलवून पाहिलं आणि पुढे गेला. त्याच्या लेखी ही शाबासकी. आठवडाभर मी राणीसारखी फिरले.

काल पाठीवरच्या औषधांच्या पिशवीचा पट्टा वेणीवर बसला, तो मला कळलाच नाही. वळणावर मागची गाडी बघायला मान वळवली, तर ती वळेना. कुणीतरी मागून वेणी धरल्यासारखा हिसका बसला आणि मी रस्त्यावर आडवी. घाबरू नकोस. गुडघा सोलला, कोपर सुजलं. हेल्मेटला एका बाजूने तडा गेला. तो तडा डोक्याला जायचा होता. एका म्हाताऱ्या रोग्याच्या औषधाची बाटली फुटली आणि तिथल्या तिथे वाहून गेली. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

शिट्टी ओरडला नाही. नवं हेल्मेट दिलं आणि म्हणाला की माणूस कामाचं आहे, पण असं पुन्हा झालं तर कायम करा म्हणून मी वर लिहू शकणार नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आजी, मी कापणार आहे. एकदम नाही, खांद्यापर्यंत. मुंगीच्या मुठीला तेवढे पुरतील ना? ती झोपते का? खरं कळव. तुझ्या पत्रात ती जेवते, खेळते, भांडते. झोपल्याचं कुठेच नसतं.

कारकूनबाईंना नमस्कार. तुझ्या मायेवरच दिवस ढकलते आहे.

तुझी,
ठकू


२३ जानेवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हेल्मेटच्या तड्यापाशी आल्यावर कारकूनबाई थांबल्या, चष्मा पुसला, आणि पुढचं वाचलं. मी पाणी प्यायले. मग तुला भरपूर शिव्या दिल्या. कारकूनबाई काही त्या लिहायला तयार नाहीत, तेव्हा तूच आठवून घे.

विचारलंस म्हणून सांगते. तू गेल्यापासून मुंगी झोपत नव्हती. माझा पदर दिला, उशीची झालर दिली, माझ्या पांढऱ्या केसांची ही शेपटी दिली. ती हातात घेऊन म्हणाली की ही संपलेली आहे. शेवटी मी काळी लोकर आणवली, घट्ट तिपेडी वेणी घातली, खाली तुझी जुनी फीत बांधली, आणि आईने पाठवली म्हणून दिली ठोकून. तेव्हापासून पोर झोपते. कारकूनबाई म्हणाल्या की मुलांशी खोटं बोलू नये. त्यांना म्हटलं, तुम्ही या आणि खरं बोलून झोपवून दाखवा. आल्या नाहीत.

तेव्हा तू खुशाल काप. वेणीची सोय झाली आहे.

मुंगीचा बाप परवा येऊन गेला. बसला नाही, उभ्या उभ्या घरभर नजर फिरवली. मुंगी माझ्या मागे लपली, तर म्हणाला की सवय होईल. जाता जाता मोठ्या उत्साहाने सांगितलं, की दाराला नवी कडी बसवली आहे, चांगली जाड, आता काळजीच नाही. मी हसून निरोप दिला. तो जिन्यावरून उतरेपर्यंत हसत होते.

पोरी, कसंही कर, पण ती नोकरी धर. जपून चालव. आशीर्वाद या पत्रात मावत नाहीत, उरलेले समजून घे.

आजी


५ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आमच्या औषधांच्या डेपोच्या मागच्या गल्लीत केस कापणारी एक बाई आहे. किती कापू म्हणून तिने विचारलं, मी खांद्याला हात लावला. वेणी कापून तिने माझ्या मांडीवर ठेवली. मेलेल्या मांजरासारखी जड लागली.

खांद्याएवढे केस म्हणजे ना घर का ना घाट का. बांधावे तर सुटतात, सोडावे तर तोंडात जातात. चौकात वारा आला आणि सगळे डोळ्यांवर आले. क्षणभर काही दिसलं नाही. दिसलं तेव्हा ट्रकचं चाक शेजारी होतं. त्या संध्याकाळी पुन्हा त्या बाईकडे गेले, हनुवटीपर्यंत कापले. तर आता कानाखालच्या बकलात अडकतात आणि पट्टा काढताना मुळापासून उपटतात. पट्टा सैल ठेवला तर हेल्मेट हलतं, हेल्मेट हललं की शिट्टी. ती बाई म्हणते की उगीच हप्त्याहप्त्याने दुःख करून घेतेस, कानाच्या वर कापू दे, दोन बोटं ठेवू, म्हणजे सायकल चालवताना केस आहेत हे विसरशील.

तिचं बरोबर आहे, आणि तिथेच मी अडकले आहे. आपल्या वकीलबाई सांगत होत्या, की तारखेला मुंगीला समोर आणतील आणि आईकडे जा म्हणतील. ती कुणाकडे जाते, कशी जाते, ते बघून लिहितील. तिने मला इतके दिवस पाहिलेलं नाही. त्यात असं डोकं घेऊन समोर उभी राहिले आणि ती मागे सरली, तर? केस ठेवले तर नोकरी जाते, आणि नोकरी गेली की मुंगी जाते. केस कापले तर नोकरी राहते, आणि मुंगी तरीही जाते. आजी, मला विचारच करता येईनासा झालाय. रस्त्यावरून जाताना मी प्रत्येक बाईचं डोकं बघते आणि हिचं लेकरू हिला ओळखेल का म्हणून मनात विचारते.

वेणी पार्सलने पाठवते आहे. ती खरी आहे, माझ्या तेलाचा वास आहे तिला. मुंगीला दे. निदान वासाने मी तिच्या लक्षात राहीन.

काय करू ते लवकर कळव. तुझ्याशिवाय विचारायला मला कुणी नाही.

तुझी,
ठकू


१३ फेब्रुवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पार्सल आलं. मी मोठ्या हौसेने मुंगीच्या हातात दिलं. तिने वास घेतला, फीत निराळी आहे हे पाहिलं, आणि म्हणाली की ही आईची नाही, आईची माझ्याकडे आहे. आणि लोकरीची पोटाशी धरून बसली. मी समजावलं तेव्हा तिने तुझी वेणी खाटेखाली ढकलली. झाला का आता माझा शहाणपणा! खोट्या आईने खऱ्या आईला घराबाहेर काढलं, आणि ती खोटी मी माझ्या हातांनी विणली.  

रडायला लाज वाटत नाही या वयात, पण त्याने काही होत नाही. मग मला सुचलं. मुंगीच्या डोक्यात बसलंय की आई म्हणजे वेणी. तिला कळायला हवं, की केस जातात आणि माणूस राहतं. आता हे सांगून कळत नाही, दाखवावं लागतं. आणि दाखवायला घरात दुसरं डोकं कुठलं?

तर काल कारकूनबाईंची कापडाची कात्री आणवली. आरशासमोर बसले आणि कात्री आधी मुंगीच्या हातात दिली. तिने शेपटी कापली. आधी खदखदून हसली, मग माझ्या तोंडाकडे बघून घाबरली आणि आजी कुठे गेली म्हणून ओरडायला लागली.  मी म्हटलं, अगं, तुला खोटं बोलून फसवणारी म्हातारी जगात दुसरी आहे का? बघ तरी. तिने नाक चाचपलं, कान ओढले, दात मोजले. ते लवकर संपले. मग सगळं डोकं तिनेच भादरलं. मी आता पीक कापलेल्या शेतासारखी दिसते. संध्याकाळी माझ्या खुंटांवर उलटा हात फिरवत बसली होती. झोपताना मात्र लोकरीचीच वेणी घेतली.

हे पुरेल का, मला ठाऊक नाही. खोटी आशा लिहवणार नाही, एकदा खोट्याने हात पोळलाय. पण मेलेल्या आईला लेकीने ओळखून काय करायचंय? काप. दोन बोटं ठेव.

देवाला सांगायचं ते सांगून झालंय, आता तुला सांगते, सावकाश चालव.

आजी


२८ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

कारकूनबाईंनी मुंगीला कोर्टात आणलं, पण त्यांना बाहेर थांबवलं होतं, म्हणून आतलं मी लिहिते.

मी केस कापून गेले होते. शिट्टीने वर लिहून मिळवून दिलेलं, नोकरी कायम झाल्याचं पत्र पर्समध्ये होतं. कोर्टातल्या बाईंनी ते वाचून बाजूला ठेवलं आणि मुंगीला आईकडे जा म्हणून सांगितलं. ती आली नाही. दुसऱ्याच्या दाराकडे बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली. तिचा बाप हसला आणि म्हणाला की बघा, ओळखतसुद्धा नाही.  बाई लिहायला लागल्या. त्यांची लेखणी कागदावर चालताना मला ऐकू येत होती.

मग मुंगी उठली. समोरून नाही आली, माझ्या खुर्चीला वळसा घालून मागे गेली. माझ्या मानेवर हात ठेवला आणि उलटा वर नेला. आणि चिडून विचारलं, की तुझे कुणी कापले, मला का नाही कापू दिले, आजीने दिले होते. मी म्हटलं चुकलं. ती म्हणाली की बोलूच नको, आणि माझ्या मांडीवर माझ्याकडे पाठ करून बसली. बापाने हाका मारल्या, तरी हलली नाही.

लेखणी थांबली होती. बाई म्हणाल्या, की परक्या माणसावर कुणी रुसत नाही.

सहा महिने माझ्याकडे, मग पुन्हा तारीख. भीती संपलेली नाही. पण आज ती इथे आहे, आणि अजून बोलत नाही.

तुझे पाय मनातल्या मनात घट्ट धरते.

तुझी,
ठकू


९ मार्च

चि. ठकूस आणि चि. मुंगीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र ऐकलं. कारकूनबाईंना शेवटचा भाग पुन्हा वाचायला लावला, त्यांनी न कुरकुरता वाचला. पोरीला तिच्या मापाचं हेल्मेट घे. तिचे केस तिला विचारल्याशिवाय कापू नकोस, नाहीतर सहा महिने अबोला चालेल.

मी बरी आहे. घरात आवाज नाही, म्हणून मीच मधून मधून भांडी आपटते. डोक्याला गार लागतं. केस आता वाढायला लागलेत, वेडेवाकडे, एकीकडे जास्त, एकीकडे कमी. कारकूनबाई म्हणाल्या, सारखे करून देते. मी नको म्हटलं. मुंगीला सांग, आजीने तिच्यासाठी तसेच ठेवलेत.

तुझी,
आजी