गुहेत काळा चष्मा

प्रिय असुंता,

गुहेत जायला तुला तिकीट लागत नाही.

हे वाक्य सगळ्यात वर लिहून टाकलं, आता बाकीचं लिहायला मी मोकळी. आणि बाकीचं म्हणजे, आधीच सांगून ठेवते, निव्वळ चिडचिड आहे. मंगळवारपासून मी इतकी चिडलेय की काल कांदा चिरताना बोट चिरून घेतलं. दुपारची वेळ आहे. खिडक्यांच्या झडपा लावून सगळं गाव आडवं झालंय, आई आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन पडलीय, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला पत्र लिहितेय. सख्ख्या बहिणीला, गावातल्या गावात, पत्र! शनिवारी तुमची बोट आहे हेही मला ठाऊक आहे. हॉटेलात नवऱ्याच्या आडनावानं उतरलीस खरी, पण तिथल्या चादरी कोण बदलतं ते विचारायचं होतंस. आपली पिनुच्चा, मावशीची. तीच हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवेल. तिला पाहून तू पहिल्याच दिवशी जिन्यात पाठ फिरवलीस म्हणे. ती म्हणाली, "बोना, तुझी बहीण मला बघून अशी वळली, जणू मी वसुलीला आलेय."

मंगळवारी तू गुहेच्या तिकीट-खिडकीशी रांगेत उभी होतीस तेव्हा मी तुला पाहिलं नाही. पाहणार कसं? माझ्यापुढे चौदा-पंधरा माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांनी समुद्रावर घालायच्या चपला घातल्या होत्या. दर वेळी सांगायचं, खाली ओलं असतं, घसरायला होतं, आत थंडी असते. दर वेळी कुणीतरी उघड्या दंडांनी येतंच आणि मग माझी शाल मागतं. एका बाईंनी विचारलं, आत थंडगार आहे म्हणता, मग एसीचं मशीन कुठे बसवलंय? गाविनो गाडीला टेकून हसत होता. त्याला तू ओळखशील, वर्गात तुझ्यामागे बसायचा; आता आमची गाडी चालवतो आणि माझी चेष्टा करायचा पगार घेतो. "बोना, आज दात दाखवून बोलायचं हं," म्हणाला, "गेल्या आठवड्यात एकानं लिहिलंय, गुहा सुंदर, बाई कडक."

गुहेत उतरलो. मी नेहमीचं बोलत होते: पाणी, चुना, हजारो वर्षं, कृपा करून हात लावू नका. तोवर लाल पँटवाल्या एका गृहस्थानं त्या पांढऱ्या खांबावर अख्खा तळवा टेकवला, फोटोसाठी. मी हसऱ्या चेहऱ्यानं त्याला पुन्हा विनंती केली आणि मग तशाच हसऱ्या चेहऱ्यानं, आपल्या भाषेत, तोंडातल्या तोंडात म्हणाले, "मेल्या, कावळे नेवोत तुझी बोटं." बाबांची टोपी खाल्ली होती त्या काळ्या बोकडाला बाबा असंच म्हणायचे. गेली कित्येक वर्षं मी पाहुण्यांना हे म्हणत आलेय आणि ते मला मान डोलावून धन्यवाद देत आलेत. आणि मंगळवारी मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

असुंता, ते हसू जगात एकीचंच आहे. नाकातून निघतं आणि मध्येच शिंकेसारखं तुटतं. मी मागे बघितलं. मोठी गवती टोपी, गळ्याभोवती रुमाल, आणि डोळ्यांवर काळा चष्मा. गुहेत! जिथे मी दिवे लावूनही माणसं ठेचकाळतात तिथे तू काळा चष्मा लावून उभी होतीस. अगं, एवढं लपायचं होतं तर हॉटेलात बसायचं होतंस. लपायचं असलेला माणूस माझ्या फेरीला येतो का, माझी शिवी ऐकून हसतो का?

मी पुढच्या दालनात गेले आणि माझं पाठ केलेलं सगळं विसरले. ज्या दगडी नळ्यांच्या पडद्याला आम्ही ऑर्गन म्हणतो त्याला मी चक्क फडताळ म्हणाले, बाबांसारखं. पाहुण्यांना काय कळणार? बाबा त्या खाचांमध्ये चीज पिकायला ठेवायचे, शेळ्या बाहेरच्या तोंडाशी बांधायचे आणि आपल्या दोघींना आत न्यायचे. तिथे दिवा मालवून विचारायचे, "कोण आहे तिथे?" मी घाईघाईनं नाव सांगायची, आपलं, त्यांचं, आईचं, सगळ्यांचं. तू नुसती हसायचीस. शेजारणी म्हणायच्या पोरगी धीट आहे. मला माहीत होतं, तुझा हात माझ्या हातात थरथरत असायचा. भीती वाटली की तू हसतेस. बाबांनाही ते माहीत होतं.

फेरीत शेवटी दिवे बंद करायची वेळ असते. पाहुण्यांना ते फार आवडतं. मी बटण दाबलं, आणि त्या मिट्ट काळोखात तुझ्या नवऱ्याचा आवाज आला, "माल्लेना! माल्लेना, कुठे आहेस?"

बाबा गेल्यापासून आईला कुणी नुसत्या नावानं हाक मारलेली नाही. ती सगळ्या गावाची त्सिया माल्लेना, माल्लेनामावशी आहे, गाविनोची सुद्धा. क्षणभर वाटलं, बाबाच. मग एक बारीक आवाज म्हणाला, "इथेच आहे, आईजवळ." मी दिवे लावले तेव्हा ती तुझ्या कमरेला बिलगून उभी होती.

म्हणजे दर नाताळला त्या कार्डावर "आम्ही तिघं" एवढंच लिहायचीस ते यासाठी! मुलीला आपल्या आईचं नाव ठेवलंस, आपल्या रीतीनं, पहिल्या मुलीला आजीचं, आणि इतकी वर्षं ते आईला कळू दिलं नाहीस. रागावून रीत मोडतात असं ऐकलं होतं. रागावून, गुपचूप रीत पाळणारी माणसं मला फक्त आपल्या घरात भेटली.

आणि नंतर जेवण. जुनिपरच्या झाडाच्या सावलीत पाव, चीज, हॅम, बाटलीतली वाइन, नेहमीचंच. तू चीजचा तुकडा तोंडात टाकलास आणि टोपी खाली ओढलीस. मी बघत होते. ते आपल्याच घरचं आहे, अजून आईच करते, मीठ अजून जास्तच घालते. पाहुण्यांपैकी कुणी म्हणालं जरा खारट आहे. तू लगेच म्हणालीस, "असंच असतं हे." परदेशी माणसाच्या बोलीत, पण आईच्या ठसक्यात. गाविनो उठून झाडामागे जाऊन हसला. त्यानंही ओळखलं होतं. सगळ्यांनीच ओळखलं होतं, असुंता. तो चष्मा गावात कुणालाच दिसला नाही, तूच तेवढी दिसलीस. संध्याकाळी पावाच्या दुकानात मला विचारलं, "पाहुणे आलेत म्हणे तुमच्याकडे? आमच्या कानावर आलं, आधी गुहा बघतायत, घर मागाहून." मी पाव घेतला आणि सुटे पैसे न घेता निघून आले.

आणि निघताना तुझ्या नवऱ्यानं माझ्या हातात बक्षीस म्हणून नोट ठेवली. भला माणूस आहे, त्याच्या डोळ्यांत दिसलं की त्याला काही सांगितलेलं नाहीस. पण तू शेजारी उभी होतीस! तू ठेवू दिलीस! ती नोट मी गाविनोला दिली. त्यानं खिशात घातली आणि म्हणाला, "मेव्हण्याची पहिली ओवाळणी." त्यालाही मी बोकडाची शिवी दिली.

आता आईबद्दल. ती बाकावर होती ते तू पाहिलंस. खिडकीशेजारच्या त्या दगडी बाकावर रोज सकाळी जाऊन बसते, जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांना विचारते, "कुणाची गं तू? कुणाचा रे?" जर्मन असो, जपानी असो. ते हसून फोटो काढतात. परत आल्यावर तू गाडीच्या आडोशाला जाऊन पाठमोरी उभी राहिलीस, आणि तुझी लेक मात्र सरळ तिच्यासमोर. आईनं विचारलं, "कुणाची?" पोरीला काय कळणार, तिला वाटलं नाव विचारलं. म्हणाली, "माल्लेना." आईनं एप्रनच्या खिशातून बदामाची वडी काढून तिच्या हातावर ठेवली. बस. मान वर करून गाडीकडे बघितलंही नाही. आणि तू वळली नाहीस. दोघींच्या मध्ये बारा पावलं नसतील. मी दोघींकडे बघत उभी, हातात पाहुण्यांची हेल्मेटं. वाटलं, तीच फेकून मारावीत, एक हिला, एक तिला.

मला सांगायला नको, मला सगळं आठवतं. बाबा गेले तो जानेवारी. वाऱ्यानं बोटी बंद होत्या, तुला आठवा महिना, डॉक्टरांनी विमानात बसायला बंदी केलेली. तू फोनवर रडलीस ते मी ऐकलं. आईनं ऐकलं नाही, कारण तिनं फोन हातात घेतला नाही. आणि सगळ्या बायका काळी वस्त्रं घालून बसल्या होत्या तेव्हा ती म्हणाली, "मला एकच मुलगी." ते तुला कुणी कळवलं ते मला अजून माहीत नाही, कळलं असतं तर कावळ्यांना काम मिळालं असतं. पण तुला रीतही माहीत आहे. मयताला जो आला नाही त्यानं आपणहून उंबरा चढायचा, घरच्यांनी बोलवायचं नाही. तू म्हणणार, तिनं बोलावल्याशिवाय येणार नाही. ती म्हणणार, बोलवायचं नसतं. आणि मध्ये मी, जिला तुम्ही दोघींनी कधी काही विचारलं नाही, पण जेवायच्या टेबलावर तुझी खुर्ची रोज बघावी लागते. मी कंटाळले आहे, असुंता. मला वाटतं बाबाही कंटाळले असतील.

तर हे पत्र. बुधवारी तिनं कुलुर्जोनेस करायला घेतले, पिठाच्या पारीत बटाटा-पुदिना भरून, एकेकाला गव्हाच्या लोंबीसारखी वेणी घालत. आम्हा दोघींना आठवडाभर पुरून उरतील एवढे. मी विचारलं, हे कोण खाणार? "घरात असावेत," म्हणाली. आणि आज जेवण झाल्यावर, हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिनं तिकीट काढलं. मी बघत होते. मुलीचंही काढलं." तुला आठवतच असेल, बाबा आणि त्यांच्या बरोबरच्यांनी चराईची जागा गुहेच्या मंडळाला दिली तेव्हा एकच अट घातली होती: गावच्या माणसाला तिकीट नाही, मग तो जगात कुठेही राहायला जावो. तोरिनोहून येतात, जर्मनीहून येतात, खिडकीशी आई-बापाचं नाव सांगतात आणि छाती काढून आत जातात. तू पैसे मोजलेस, पण आमची नावं घेतली नाहीस. इतक्या वर्षांत आईला काही लागलं असेल तर ते हे. मी म्हणाले, मी आत्ता हॉटेलवर जाते. "जायचं नाही," म्हणाली. मग फडकं खुंटीला अडकवून, "लिही." काय लिहू? तर तिनं एक वाक्य सांगितलं, तेच मी सगळ्यात वर लिहिलंय. एवढंच तिचं आहे, बाकी सगळी चिडचिड माझी. घरी ये असं तिनं म्हटलेलं नाही. गुहा म्हणजे काही घर नव्हे, तेव्हा रीत मोडली असं कुणी म्हणू शकणार नाही. उद्या शुक्रवार, सकाळच्या फेरीला ती बाकावर असेल. चष्मा हॉटेलात ठेव. ती विचारेल, नेहमीसारखंच, कुणाची गं तू. हसून वेळ मारून नेऊ नकोस, मला माहीत आहे तू हसशील, हस हवं तर, पण मग सांग, कुणाची ते. तुझ्या लेकीलाही शिकवून आण.

तुझीच, आणि तुझ्यावर अतिशय चिडलेली,
बोना