नलिनी मॅडमची जुनी पेनं

सुबोध,

मी मानखुर्दला ताईकडे जातेय, सातपर्यंत येईन. आमटी गरम करून घे.

तुझ्या नलिनी मॅडम ऑनलाइन जुनी पेनं विकून पैसे अंध मुलींच्या शाळेला देतात ना? पेनाच्या खोक्यावर संस्थेचा नोंदणी क्रमांक होता. तो शोधून मी काल दुपारी घाटकोपरच्या त्या शाळेत गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "अहो, आमच्या नावाने कोणी पेनं विकतंय, हे तुमच्याकडूनच कळतंय." नलिनी नावाचं तिथे कोणीच नाही.

तू फसलास याचं मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, जिना उतरताना मला इतका आनंद झाला की खाली एकटीच उसाचा रस प्यायले. नवं पेन आलं की तू तिला पानभर लिहून फोटो पाठवतोस, आणि मला फोनवर नुसतं 'ओके'.

आता आणखी पेन मागवू नकोस. तक्रार द्यायला उद्या दोघं जाऊ.

नलिनी खोटी असेल रे, पण तू तिला लिहिलेलं तर खरंच होतं ना? तेच टोचतंय.

प्रांजल