देवीपुढच्या दहा गोळ्या

चौसाळा, ६ एप्रिल

चि. दिपालीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

फोन असताना पत्र कावून, म्हणून हसशील. फोनवर खुशाली कळते बाई, मन कळत नाही.

आपला सटवा लेकाच्या कोयत्याबरोबर, म्हणजे लेक-सुनेच्या तोडणीच्या जोडीबरोबर, बैल राखायला ऊसतोडीला गेलता, तो हिवताप घेऊन आला. दवाखान्यानं रक्त तपासून चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी ताप उतरला, तशी छबुबाईनं देवीला निवद दाखवला आणि उरलेल्या दहा गोळ्या देव्हाऱ्यात ठेवल्या. निवदानंतर औषध म्हणजे देवीवर शंका, असं तिचं म्हणणं. सटवाही बायकोपुढं मान डोलावतो.

मला माझा धाकटा भाऊ राम आठवतो. शाळेत सटवा त्याच्याच बाकावर बसायचा. रामचाही ताप असाच उतरला, आईनं निवद केला आणि कोयनेलच्या गोळ्या नदीत सोडल्या. महिन्यात ताप परतला. गुरुजींनी संमेलनासाठी पाखरांची दहा कडव्यांची कविता बसवली होती. शेवटचं कडवं रामचं. तो गेल्यावर आम्ही नऊच म्हटली.

तू दिवसभर रक्ताच्या काचा बघतेस. सांग, सटवा बरा झालाय का?

आठवणीत ठेव, एवढंच मागणं.
तुझा आजोबा, गहिनीनाथ


गडचिरोली, १२ एप्रिल

ती. आजोबांना दिपालीचा साष्टांग नमस्कार.

फोनवर घाईत सांगितलं ते आता तुमच्या आवडीप्रमाणे शाईनं लिहिते. सटवाआजोबा बरे दिसतात, बरे झालेले नाहीत. ताप रक्तातून गेला तरी त्याचे जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी उठतात. चौदा दिवस त्यांच्यासाठीच. काही देशांत एकाच वेळेला घ्यायची गोळी आली आहे. आपल्या सटवाआजोबांसाठी मात्र त्या दहाच. तिथल्या डॉक्टरांशी बोलले. आज त्यांना तपासून उरलेल्या गोळ्या लगेच सुरू करायच्या, असं ते म्हणाले. छबुआजींना समजावणं माझ्या प्रयोगशाळेत शिकवत नाहीत. ते तुमच्यासारख्या मास्तरांचं काम.

रागवा, पण लिहीत राहा.
तुमची दिपाली


चौसाळा, २२ एप्रिल

चि. दिपालीस आशीर्वाद.

मास्तरानं काम केलं. छबुबाईला विचारलं, देवीपुढं ठेवलेल्या वस्तूचं काय होतं? परसाद, ती म्हणाली. मी म्हटलं, मग परसाद देव्हाऱ्यात वाळवत ठेवतात का? तिनं चुलीत फुंकर घातली. मग पदरानं हात पुसून गोळ्यांची पट्टी काढून दिली. वर म्हणाली, मास्तर लई लबाड हाय.

रोज भाकरी खाल्ल्यावर एक गोळी, आणि माझ्यासमोर त्याच पाखरांच्या कवितेचं एक कडवं, असा नेम केला. सटवा अडला की मी सांगायचो, मी चुकलो की तो हसायचा. नवव्या दिवशी नववं झालं. रात्रभर आठवून बघितलं, पण दहावं मला येईना. साठ वर्षांत कधी म्हटलंच नव्हतं.

काल सटवानं शेवटची गोळी गिळली, पाणी प्याला, आणि अख्खं कडवं म्हटलं. तो म्हणाला, "राम माझ्या कानातच पाठ करायचा बे."

तिसऱ्या ओळीपाशी रामचा दम तुटायचा. सटवाही म्हणताना तिथंच थांबला होता. मग दोघांच्या वाटणीची चौथी ओळ त्यानं म्हटली.

पुन्हा थंडी वाजली तर लगेच रक्त दाखवायचं, हे छबुबाईनं स्वतः पाठ केलंय.

माया आहे तशीच राहू दे.
आजोबा