डिश नंबर सात

४ जून
त्या सकाळी पाणी भरलं, दूध तापवलं, कपडे पिळत होते. ह्यांनी केस विंचरले, फणी खिडकीत ठेवली, कामावर गेले. दुपारी ते गेल्याची बातमीच आली. सहा वर्षं झाली. फणी मी अजून धुतलेली नाही.

आज शाळेच्या लॅबमध्ये काचेची भांडी घासताना अकरावीतल्या चष्मेवालीने प्रोजेक्ट समजावला. डीएनए क्लोनिंग, सोप्या रीतीने. तुकडे चिकटवायचं महागडं एन्झाइम नकोच. टोकं जुळतील असे तुकडे बॅक्टेरियात सोडायचे. तेच जोडतात, तेच वाढवतात. विचारलं, कुणाचाही तुकडा? म्हणाली, कुणाचाही, काकू.

५ जून
वाचनालयातून पुस्तक आणलं. माणूस परत येत नाही, हे बाराव्या पानावरच कळलं. मी काही खुळी नाही. अख्खे हे नकोतच, फार घोरायचे. तुकडा पुरे.

६ जून
फणीत मुळासकट केस चारच निघाले. चारही पाकिटात घालून दिले. चष्मेवालीने प्रोजेक्टमधल्या मैत्रिणीकडे पाहिलं. मैत्रीण म्हणाली, करू ना काकू, त्यात काय! पोरी गुणाच्या आहेत.

११ जून
डिश नंबर सात. खसखशीएवढे पांढरे ठिपके. मैत्रीण म्हणाली, हे बघा काका. ठराव : दिवसातून दोनदाच बघायचं.

१२ जून
नऊ वेळा. इनक्युबेटरचं तापमान कोण बघणार?

१५ जून
बाकीच्या डिश निळ्या दिव्याखाली हिरव्या चमकतात, त्यांत जेलीफिशचा तुकडा आहे म्हणे. सात नंबर नाही. हे तरी कुठे कधी चमकले! मैत्रीण तोंडावर रुमाल धरून होती. सर्दी असावी.

१६ जून
प्रदर्शन. मी पुढेच उभी. मैत्रिणीने सात नंबर उचलून पाहुण्यांना सांगितलं, यात कुठलाच तुकडा घातलेला नाही, नुसते बॅक्टेरिया, तुलनेसाठी.

नंतर विचारलं. चष्मेवाली रडायलाच लागली. केस त्याच दिवशी फेकले म्हणाली. तुम्ही इतक्या खूश होतात, सांगवेना. मैत्रीण म्हणाली, अहो, थट्टा होती, एवढं खरं कोण धरतं?

मी म्हटलं, मला माहीतच होतं.

पाच दिवस रोज त्या डिशला घरचं सगळं सांगितलं. नळ गळतो, लेक फोन करत नाही, गुडघा दुखतो. कुणाला सांगत होते मी?

१७ जून
वेळेवर गेले. सात नंबर धरून सगळ्या डिश ब्लीचमध्ये बुडवल्या, अर्ध्या तासाने धुतल्या. मागून चष्मेवालीने काकू म्हणून हाक मारली. ओ दिली.