पळून होईपर्यंत गप्प

३ नोव्हें., सोम.
पहाटे बत्तीस किमी. अक्कलकोट रोडनं जाऊन परत. वेळ लिहायच्या लायकीची नाही. डावा गुडघा कुरकुरतोय, कुरकुरू दे.

शेठनं एमआयडीसीतल्या ऑफिसात बोलावलं. अण्णा ज्यांच्या कारखान्यात टॉवेलचे माग चालवतात तेच. माझ्या बापाला वीस वर्षांत कधी खुर्ची दिली नाही, मला खुर्ची, चहा, बिस्किटं. टीबीच्या जनजागृतीसाठी मी करकंब ते सोलापूर एका दमात पळायचं म्हणे. ऐंशीच्या आसपास. करकंबच का? शेठची सासुरवाडी. बॅनरवर माझा फोटो, त्यांचा माझ्याहून मोठा. "आमच्या कामगाराची पोरगी" असं तीनदा म्हणाले. मी नाही म्हणायला गेले होते, हो म्हणून आले. एवढ्या अंतराला पाणी आणि गाडी कोण देणार मला, नवी पेठेत दिवसभर चादरी उलगडून दाखवणारीला? हावरट आहे मी.

६ नोव्हें., गुरु.
अण्णांच्या ट्रंकेत गोळ्यांची पाकिटं. भरलेली. दिवाळीपासून एकही गोळी घेतलेली नाही.

ऑगस्टमध्ये टीबी निघाला तेव्हा कारखान्यात कावीळ सांगितलं, पंधरा दिवस घरी बसले. दोन महिने औषध घेतलं, वजन वाढलं, खोकला थांबला. आता परत सुरू. आईला ऐकू येत नाही असं नाही, ती टीव्हीचा आवाज वाढवते.

"फरक पडला की मला. त्या गोळ्यांनी अन्न जाईना, माग कसा चालवू?"
"सहा महिने घ्यायच्या होत्या."
"शेठला कळलं की माग दुसऱ्याला देतील. मग खा गोळ्या."

ओरडले मी. गल्लीला ऐकू जाईल म्हणून आईनं खिडकी लावली. टीबीवाल्याच्या खोलीची खिडकी. शाबास.

७ नोव्हें.
पळाले नाही. राग पायात येत नाही, डोक्यातच बसतो.

११ नोव्हें., मंगळ.
अण्णा डबा विसरले, सकाळी आठला कारखान्यात नेऊन दिला. शिफ्ट बदलायची वेळ. रात्रपाळीचा श्रीनिवास निघायच्या तयारीत, अण्णा त्याच मागांवर उभे राहणार. तेवीस वर्षांचा आहे, गेल्या वर्षी लग्न झालं. घरात तेलुगू, माझ्याशी आपली सोलापुरी. "अक्का, शेठच्या बॅनरवर लई भारी दिसलालाव की!"

बोलता बोलता त्यानं धोट्यात, मागात आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो त्या लाकडी तुकड्यात, सुताची नवी कांडी बसवली, धोट्याच्या भोकाला ओठ लावले आणि श्वासानं सूत बाहेर ओढलं. थुंकला, धोटा मागात. दहा मिनिटांनी तोच धोटा अण्णांच्या तोंडात. संध्याकाळी उलटं. लहानपणापासून हे बघत आलेय, आणि आज पहिल्यांदा दिसलं.

टीबी धोट्याच्या भोकातून लागतो की एका छपराखाली खोकण्यातून, मला ठाऊक नाही. मी डॉक्टर नाही. पण श्रीनिवासच्या बायकोला सातवा महिना लागलाय, हे ठाऊक आहे.

१३ नोव्हें.
शेठला म्हटलं, सूत ओढायला तारेचे आकडे द्या सगळ्यांना, टीबीसाठी पळतोय तर तेही होऊ द्या. हसले. "अगं, दिलेले हायत. पेटीत पडलेत. यांनाच नको असतात. तू पळायचं बघ."

घरी अण्णांना विचारलं. खरं निघालं. "आकड्यानं टाइम जातो. तोंडानं झटक्यात होतं." शेठ खोटं बोलत असता तर बरं झालं असतं, एकाच माणसावर चिडता आलं असतं.

१४ नोव्हें., शुक्र.
सौदा झाला. लिहायची लाज वाटते, म्हणून लिहिते.

मी म्हणाले, दवाखान्यात चला, नाहीतर श्रीनिवासला मीच सांगते. अण्णा म्हणाले, "तुझं पळणं होऊ दे. आत्ता बोंब झाली तर शेठ तुझा कार्यक्रमच रद्द करंल. तीस तारीख झाली की दुसऱ्या दिवशी जातो, तुझी शपथ." आणि मी मान हलवली. त्यांनी माझी नस बरोबर धरली. बापच तो.

२२ नोव्हें.
पन्नास किमी. उत्तम. इतकं उत्तम की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

३० नोव्हें., रवि.
करकंबहून पहाटे चारला. शेठच्या सासऱ्यांनी नारळ फोडला. उसाच्या ट्रॉल्या, धूळ. मोहोळच्या अलीकडे ओकले, पुढे बरं वाटलं. दोन नखं गेली. मागच्या गाडीतला शेठचा पुतण्या, "ताई, जरा हसा की, व्हिडिओ चालू हाय." त्याला मी काय म्हणाले ते व्हिडिओत आलं असेल.

पोहोचायला दुपार कलून गेली. कारखान्याच्या गेटावर हार, पेढे. ऊर फुटायला आलेला आणि माईक हातात. कागदावरचं वाचलं: टीबी बरा होतो, औषध मध्येच सोडू नका, लपवू नका. पहिल्या रांगेत अण्णा टाळ्या वाजवत होते. तोंडावर रुमाल नाही. शेजारी श्रीनिवास, झोपमोड करून आलेला.

तिथंच बोलायला हवं होतं. पेढा खाल्ला.

१ डिसें., सोम.
सकाळी अण्णा शर्ट घालून डबा घेऊन उभे. "आज मागाला माणूस न्हाय. उद्या जातो की."

उद्या! माझी शपथ घेतलेला माणूस. मी डबा हिसकावला, भाजी सगळी जमिनीवर. ते तसेच गेले कामावर.

दुकानात रजा टाकली आणि लंगडत श्रीनिवासच्या घरी गेले. तो झोपेतून उठून आला, हसला, आत बस म्हणाला. बायको चहा टाकायला वळली. मी उभ्यानंच सांगितलं. अण्णांना टीबी आहे, औषध सोडलंय, तुम्ही दोघं तपासून घ्या.

तो ओरडेल असं वाटलं होतं. नाही ओरडला.

"सोडल्यालं कधी कळलं तुमाला?"
"तीन आठवडे झाले. जास्तच."
"म्हंजे तुमी पळायची तयारी करत हुतासा तवा."
"हो."
"अण्णांनी पोटासाठी लपवलं, अक्का. ते कळतंय मला. तुमी?"

बायकोनं गॅस बंद केला. चहा झालाच नाही.

३ डिसें., बुध.
श्रीनिवासनं कारखान्यात कुणाला सांगितलं नाही. कालपासून कामावरही गेला नाही. त्यानं आणि बायकोनं दवाखान्यात थुंकी तपासायला दिलीय, आईनं बाहेरून ऐकलं. रिपोर्ट यायचाय.

अण्णा माझ्याशी बोलत नाहीत, मी त्यांच्याशी. मात्र आज त्यांनी स्वतःहून दवाखान्याचा कागद शोधला. गेले की नुसता शोधला, कोण जाणे.

दुकानात एक गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "टीबीसाठी पळालेली ती तूच ना? लोकांसाठी किती करतेस गं." मी त्यांना डबलबेडची चादर दाखवली. त्यांनी दोन घेतल्या.