तुझ्या पेशी मेल्या, ते बरोबरच

प्रिय आम्रपाली,

जिंकलीस तू. तुझ्या बशीतल्या चेतापेशी मेल्या होत्या ना, त्या मरायलाच हव्या होत्या. काल तिसऱ्यांदा तेच उत्तर आलं आणि मी मिरजेच्या प्रयोगशाळेत, सरांच्या देखत, चक्क टाळ्या पिटल्या.

आई अजून विचारते, प्रोजेस्टेरॉन म्हणजे गरोदरपणातला हार्मोन ना, त्याचं डोक्यात काय काम? मी सांगते, अगं, मेंदू तो स्वतःही बनवतो, आणि मार बसला तर पेशींना सावरत असावा. तेच तर आपण दोघी तपासत होतो. पाच वाजता पेशींवर विषारी रसायन, सहाला हार्मोन, असं सरांनी ठरवून दिलेलं. माझ्या पेशी जगायच्या, तुझ्या मरायच्या. सर म्हणाले, तुझं कामच गलथान. तुझं आडनाव ठाऊक असलेल्या सगळ्यांना ते इतक्या पटकन का पटलं, हे तुलाही कळलं होतं आणि मलाही. त्यांनी तुला काढलं, आणि तू वाईला जाऊन शाळेत शिकवायला लागलीस.

आता गंमत ऐक. महावीर जयंतीला सर सांगलीला आमच्याकडे जेवायला आले. पुरणपोळी वाढता वाढता आईनं माझं कौतुक मांडलं, "आमची चंदन लय नेमाची हाय बगा. दोन वर्सं झाली, दिवस मावळायच्या आत ताटावर असतीया." सरांचा घास हातातच राहिला. हिवाळ्यात सहाला दिवस मावळतो, मग सहाचा हार्मोन घालत कोण होतं? मी सगळं सांगून टाकलं. अंधार पडल्यावर जेवत नाही हे सांगायची मला लाज वाटायची. म्हणून मी साडेचारलाच हार्मोन घालायचे, पाचला रसायन, वहीत ठरलेली वेळ लिहायचे आणि बस गाठायचे.

मग बशांवरची नावं झाकून प्रयोग पुन्हा केला. हार्मोन आधी घातला की पेशी तगतात, नंतर घातला की मरतात, निदान आपल्या बशीत तरी. तुझ्या मेलेल्या पेशींशिवाय हे कळलंच नसतं.

आज क्षमावाणी, आम्हा जैनांचा क्षमा मागायचा दिवस. कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागणारा, सगळ्यांना जातो तोच संदेश मी गेल्या वर्षी तुलाही पाठवला होता. पण माझी चूक नकळत झालेली नव्हती. तुला काढलं तेव्हा वहीतली वेळ खोटी आहे हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसले. म्हणून हे पत्र. आपल्या शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं आहे. सोमवारी सर आणि मी तुझ्या शाळेत येतोय, तुझ्या मुख्याध्यापकांसमोर हे सांगायला. मला क्षमा करायची की नाही ते तू ठरव, पण ते नाव नाकारू नकोस. ते तू कमावलंयस.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
चंदनबाला