कळ छापली, हापसा गाळला

जुन्नर, रविवार, १२ एप्रिल १९९८

घाटघरच्या हापशाची कळ मोडून तीन आठवडे झाले, ही बातमी मी पुण्याच्या दैनिकाला पाठवली. सुरुवातीला जरा विद्वत्ता पाजळली: यंत्राची कळ, पोटातली कळ, शेजारणीनं लावून दिलेली कळ, पैकी पहिलीचं मूळ संस्कृत 'कला'. आज संपादकांनी तेवढीच विद्वत्ता चौकटीत छापली. हापसा गाळला! वर फोनवर म्हणाले, "असंच रंजक पाठवत चला." रंजक?

दुपारी घाटघरला गेलो. हापशाजवळच राहणाऱ्या कोंडाबाईंनी रीतीप्रमाणे आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. मी घटाघटा रिकामा केला.

"भाऊ, लेकीनं वाचून दावलं. लई ग्वाड लिवलंय. पर आमचा हापसा कुठं हाय त्यात?"

"कापला त्यांनी."

"मंग तुमी तरी कशापायी एवढं नटवलं व्हतं?"

संपादकांवरचा राग तिथंच माझ्यावर उलटला. ते पाणी कोंडाबाईंनी पहाटे दरीतल्या झऱ्यावरून डोक्यावर आणलेलं. पाहुण्याला पाणी न देण्याची त्यांची रीत नाही, आणि पाणी कुठून आणलं हे विचारायची मला अक्कल नाही. अख्खा तांब्या!

आत्ता बातमी पुन्हा लिहिली. चार ओळी, व्युत्पत्ती शून्य. उद्या पहिल्या एसटीनं पुण्याला जाऊन संपादकांसमोर बसतो. छापतो म्हणेपर्यंत उठणार नाही. पाणी विचारलं तरी घेणार नाही.